उपग्रह मोजणीतला वातावरणीय विलंब कसा दुरुस्त करायचा: आयनांबर, तपांबर आणि आपल्याकडचं आकाश

जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सिग्नल पाठवतो. रिसीव्हर त्या सिग्नलला लागलेला वेळ मोजतो, त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणतो आणि अंतर काढतो. हा हिशोब निर्वात पोकळीत बिनचूक आहे. पण प्रवासाच्या अखेरच्या हजारेक किलोमीटरमध्ये सिग्नलला आधी विद्युतभारित कणांचा थर लागतो आणि मग आपण श्वास घेतो ती हवा. दोन्ही ठिकाणी तो रेंगाळतो. एक नॅनोसेकंद उशीर झाला की अंतरात ३० सेंटिमीटरची चूक आलीच. सूर्य जोरात असलेल्या वर्षी भर दुपारी महाराष्ट्रावर हा उशीर तीस नॅनोसेकंदांच्याही पुढे जातो, म्हणजे चूक थेट दहा मीटरच्या घरात.

हा लेख जमीन मोजणी करणारे, ड्रोन उडवणारे आणि रिसीव्हरमधला कच्चा डेटा घरी बसून सोडवणारे यांच्यासाठी आहे. सॉफ्टवेअरमधल्या मूळ सेटिंग्ज बहुतेक युरोप, अमेरिका, जपान इथलं आकाश गृहीत धरून ठरलेल्या असतात. आपलं आकाश तसं नाही. म्हणून दुरुस्तीची प्रत्येक पायरी इथल्या परिस्थितीत तपासून घेतली पाहिजे.

आधी दोन थर वेगळे ओळखा

साधारण ६० ते १००० किलोमीटर उंचीवर आयनांबर असतं. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे तिथे मुक्त इलेक्ट्रॉन तयार होतात आणि तेच सिग्नलला उशीर करतात. हा विलंब वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो:

विलंब (मीटर) = ४०.३ × टीईसी ÷ वारंवारता²

टीईसी म्हणजे सिग्नलच्या वाटेवर एक चौरस मीटर छेदाच्या स्तंभात असलेले एकूण इलेक्ट्रॉन. असे १०¹⁶ इलेक्ट्रॉन झाले की एक टीईसी एकक होतं. एका एककामागे जीपीएसच्या एल१ वारंवारतेवर (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) १६ सेंटिमीटर, एल२ वर (१२२७.६० मेगाहर्ट्झ) २७ सेंटिमीटर आणि एल५ वर (११७६.४५ मेगाहर्ट्झ) २९ सेंटिमीटर विलंब होतो. नाविक या भारतीय उपग्रह प्रणालीच्या एस बँडवर (२४९२.०२८ मेगाहर्ट्झ) मात्र तो जेमतेम साडेसहा सेंटिमीटर असतो. हे आकडे वहीत लिहून ठेवा, पुढे सतत लागतात.

एक गोष्ट विसरून चालणार नाही. आयनांबरात कोड, म्हणजे लहरीवर चढवलेली वेळ मोजायची खूण, मागे पडतो, पण वाहक लहरीची फेज तेवढीच पुढे सरकते. आकडा तोच, चिन्ह उलट. स्वतः प्रोग्रॅम लिहिणारे विद्यार्थी इथे हमखास अडखळतात. कोडमधून वजा केलेली दुरुस्ती फेजमध्ये मिळवायची असते.

दुसरा थर तपांबराचा, म्हणजे खालच्या हवेचा. इथला विलंब सगळ्या नेव्हिगेशन वारंवारतांवर सारखाच असतो. दोन वारंवारतांचा रिसीव्हर घेतला म्हणजे वातावरणाचा प्रश्न मिटला, असं अनेकजण समजतात. ते निम्मंच खरं आहे. तपांबराच्या बाबतीत दुसरी वारंवारता काहीही मदत करत नाही.

आपल्याकडे आयनांबर इतकं अवघड का

पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जातं. १९६३ साली भारतातलं पहिलं अग्निबाण प्रक्षेपण केरळमधल्या थुंबा इथून करण्यामागे हेच कारण होतं. दिवसा चुंबकीय विषुववृत्तावरचे इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तर-दक्षिणेला काही अंशांवर साठतात. उत्तरेकडचा हा उंचवटा गुजरात, मध्य प्रदेश, बंगाल या पट्ट्यात येतो. महाराष्ट्र आणि गोवा त्याच्या उतारावर आहेत. त्यामुळे एकाच रिसीव्हरला उत्तरेकडच्या उपग्रहातून येणारा आणि दक्षिणेकडच्या उपग्रहातून येणारा विलंब यांत मोठा फरक दिसतो. उत्तर-दक्षिण दिशेत दुपारी चूक वाढते ती या उतारामुळे.

सूर्यास्तानंतर आणखी एक प्रकार होतो. थराच्या तळाशी विरळ प्लाझ्माचे बुडबुडे तयार होऊन वर चढतात आणि त्यातून येणारा सिग्नल थरथरू लागतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या विषुवदिनांच्या आसपास, संध्याकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत हा त्रास सर्वात जास्त. याला कुठलंही प्रतिमान दुरुस्त करू शकत नाही, कारण मुळात सिग्नलच तुटतो.

एकाच वारंवारतेचा रिसीव्हर असेल तर

तीन मार्ग आहेत आणि त्यांचा दर्जा सारखा नाही.

पहिला क्लोबुचर प्रतिमानाचा. जीपीएस आपल्या संदेशातूनच आठ गुणांक पाठवतं आणि रिसीव्हर त्यावरून विलंब काढतो. रात्री उभ्या दिशेत सपाट ५ नॅनोसेकंद, दिवसा घंटेच्या आकाराची वक्ररेषा आणि तिचं शिखर स्थानिक सौरवेळेनुसार दुपारी दोनला, अशी त्याची रचना आहे. (मुंबईत सौरवेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे ३८ मिनिटं मागे असते, म्हणजे घड्याळात पावणेतीनच्या थोडं आधी.) या प्रतिमानाने साधारण निम्मी चूक जाते. उरलेली निम्मी तशीच राहते. सूर्यास्तानंतर आपल्याकडे टीईसी पुन्हा डोकं वर काढतं, ते तर त्याला कळतच नाही.

दुसरा मार्ग गगनचा. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाची ही प्रणाली मुळात विमानांसाठी आहे. नागपूर आणि गोव्यासह देशभरातल्या १५ संदर्भ केंद्रांवरून आयनांबर मोजलं जातं आणि ५ × ५ अंशांच्या जाळीवरचे विलंब उपग्रहाद्वारे एल१ वर प्रसारित होतात. आयनांबराला एकच पातळ थर मानणं भारतात पुरत नाही, म्हणून गगनसाठी इस्रोने अनेक थरांचं वेगळं प्रतिमान तयार केलं. एप्रिल २०२२ मध्ये किशनगड विमानतळावर इंडिगोचं विमान याच प्रणालीच्या आधारे उतरलं. शेतात जागेवरच निकाल हवा आणि बेस (ज्ञात जागी लावलेला दुसरा रिसीव्हर) नाही, अशा वेळी मी नेहमी गगन सुचवेन. रिसीव्हरच्या मेनूत एसबास (उपग्रहावरून दुरुस्ती घेण्याचा पर्याय) चालू करा आणि गगनच्या उपग्रहांच्या १२७, १२८, १३२ यापैकी एखादा क्रमांक दिसतोय का ते पाहा. क्रमांक नुसता दिसणं पुरेसं नाही. दुरुस्ती लागू झाली की नाही ते सोल्यूशनच्या स्थितीत दिसलं पाहिजे.

तिसरा मार्ग घरी बसून करायचा. आयोनेक्स फाइलमध्ये अख्ख्या जगाचा टीईसी नकाशा असतो. अक्षांशात २.५ आणि रेखांशात ५ अंशांची जाळी, एक किंवा दोन तासांचं अंतर. रॅपिड फाइल दुसऱ्या दिवशी मिळते, अंतिम फाइल काही दिवसांनी. कच्चा डेटा सोडवणाऱ्या आरटीकेलिब या सॉफ्टवेअरमध्ये आयनोस्फिअर करेक्शनला ‘आयोनेक्स टीईसी’ निवडा आणि फाइल जोडा. स्वतः गणित करत असाल तर दोन नकाशांमधली किंमत काढताना नकाशा सूर्याबरोबर फिरवून घ्या, म्हणजे तासाला १५ अंश. नुसती वेळेची सरासरी घेतली तर सकाळी टीईसी झपाट्याने चढतं तेव्हा किंमत चुकते.

उभ्या विलंबावरून तिरक्या वाटेचा विलंब काढायलाच हवा. थर ३५० किलोमीटरवर धरला तर क्षितिजापासून ३० अंशांवरच्या उपग्रहासाठी सुमारे १.७५ पट आणि १५ अंशांवर सुमारे २.५ पट. म्हणजे उभ्या दिशेत ६० एककं असतील तर डोक्यावरच्या उपग्रहाला ९.७ मीटर आणि ३० अंशांवरच्याला १७ मीटर विलंब.

एकच वारंवारता वापरताना उपग्रहाच्या संदेशातली टीजीडी ही घड्याळाची दुरुस्तीही लावावी लागते, कारण प्रसारित घड्याळ दोन वारंवारतांच्या मिश्रणावर बेतलेलं असतं. बहुतेक सॉफ्टवेअर हे आपोआप करतात. स्वतःचा प्रोग्रॅम असेल तर आठवणीने करा.

दोन वारंवारता असतील तर

इथे आयनांबर मोजमापातूनच काढून टाकता येतं. एल१ आणि एल२ साठी सूत्र असं:

आयनांबरमुक्त अंतर = २.५४६ × (एल१ वरचं अंतर) − १.५४६ × (एल२ वरचं अंतर)

पडताळून पाहा. ६० एककांना एल१ वर ९.७४ मीटर विलंब आणि एल२ वर १६.०४ मीटर. २.५४६ × ९.७४ म्हणजे २४.८० आणि १.५४६ × १६.०४ म्हणजेही २४.८०. वजाबाकी शून्य. एल१-एल५ जोडीसाठी गुणक २.२६१ आणि १.२६१. नाविकच्या एल५-एस जोडीसाठी एस वरच्या अंतराला १.२८७ आणि एल५ वरच्याला ०.२८७.

पण ही सोय फुकट मिळत नाही. मोजमापातला गोंगाट एल१-एल२ मध्ये जवळजवळ तिप्पट होतो, एल१-एल५ मध्ये अडीच पटींच्या थोडा वर. नाविकच्या जोडीत तो फक्त सव्वा-दीड पटीच्या मध्ये कुठेतरी राहतो, कारण त्या दोन वारंवारता एकमेकींपासून खूप दूर आहेत. आपल्या आकाशासाठी ही निवड फार मोलाची आहे, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे हवं तितकं बोललं जात नाही. २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून नाविकला एल१ सिग्नलही मिळाला.

गोंगाट वाढतो म्हणून हे मिश्रण सरसकट वापरू नका. बेस जवळ असेल, साधारण दहा किलोमीटरच्या आत, तर बेस आणि रोव्हर (फिरता रिसीव्हर) यांच्या वजाबाकीतच आयनांबर बहुतांशी जातं. तिथे मिश्रण लावलं तर फायद्याऐवजी गोंगाटच पदरात पडतो आणि फिक्स, म्हणजे सेंटिमीटरपर्यंतचं पक्कं उत्तर, मिळायला वेळ लागतो. बेस लांब असेल किंवा बेसशिवाय पीपीपी (एकाच रिसीव्हरवरून अचूक स्थान काढण्याची पद्धत) करायचं असेल तरच ‘आयोनो-फ्री एलसी’ निवडा. मधल्या अंतरासाठी ‘एस्टिमेट टीईसी’ हा पर्याय चांगला, पण त्याला निवांत वेळ द्यावा लागतो.

दोन वारंवारतांवरून स्वतः टीईसी काढणाऱ्यांनी उपग्रहाचे आणि रिसीव्हरचे कोडमधले अंतर्गत फरक, म्हणजे डीसीबी, आधी काढून टाकले पाहिजेत. एल१-एल२ मध्ये एक नॅनोसेकंद डीसीबी राहिला तर टीईसीत २.८५ एककांची चूक येते. रात्रीची टीईसी ऋण दिसू लागली तर पहिला संशय इथेच घ्या.

तपांबर: दाब, दमट हवा आणि उंची

तपांबराच्या विलंबाचे दोन भाग करा. कोरडा भाग समुद्रसपाटीला उभ्या दिशेत सुमारे २.३ मीटर असतो. तो फक्त जागेवरच्या हवेच्या दाबावर ठरतो, त्यामुळे फार नेमका काढता येतो. सास्तामोइनेन सूत्रात तो ०.००२२७६८ × दाब (हेक्टोपास्कलमध्ये) इतका येतो. अक्षांश आणि उंचीची दुरुस्ती अगदी किरकोळ. दाब एक हेक्टोपास्कल चुकला तर विलंब २.३ मिलिमीटर चुकतो.

हा दाब जागेवरचा हवा. मोबाइलवरच्या हवामान ॲपमध्ये दिसतो तो समुद्रसपाटीला आणलेला दाब असतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तिथे जागेवरचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो आणि ॲप मात्र हजाराच्या वर दाखवतं. तो आकडा सूत्रात घातला तर उभ्या विलंबात थेट १४ सेंटिमीटरची चूक होईल. दाबमापक नसेल तर प्रमाणित वातावरणावरून उंचीनुसार काढलेला दाब वापरलेला बरा. तिथेही समुद्रसपाटीपासूनची उंची घ्या. रिसीव्हर देतो ती दीर्घवृत्तजापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची, उंची महाराष्ट्रात तिच्यापेक्षा साठ-सत्तर मीटरांच्या आसपास कमी येते. त्या फरकाने दीड-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होतात.

दमट भागाचं मात्र काही खरं नाही. तो हवेतल्या वाफेवर अवलंबून असतो. सॉफ्टवेअर बहुधा समुद्रसपाटीला १५ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता धरतं. त्यावरून दमट विलंब १२ सेंटिमीटर येतो. आता जूनमधली कोकणची हवा धरा, ३० अंश आणि ९० टक्के. तेच सूत्र ३६ सेंटिमीटर देतं. उभ्या दिशेतच २४ सेंटिमीटरचा फरक, आणि क्षितिजापासून १५ अंशांवरच्या उपग्रहाला तो जवळपास चौपट होऊन लागतो. जमिनीवरच्या वाचनावरून वरच्या हवेतली वाफ नीट कळत नाही, त्यामुळे ३६ हा आकडाही अंदाजच.

म्हणून उंची महत्त्वाची असेल तर दमट भाग अज्ञात राशी म्हणून मोजमापातूनच सोडवून घ्या. आरटीकेलिबमध्ये ट्रोपोस्फिअर करेक्शनला ‘एस्टिमेट झेडटीडी’ निवडायचं (झेडटीडी म्हणजे उभ्या दिशेतला एकूण तपांबर विलंब). यासाठी दोन अटी आहेत. एक, निरीक्षण लांब हवं. दोन तासांच्या खाली मी यावर भरवसा ठेवणार नाही. दोन, खालच्या कोनातले उपग्रहही हवेत, कारण सगळे उपग्रह उंचावर असतील तर उंची आणि तपांबराचा विलंब एकमेकांपासून सुटे होत नाहीत. मास्क, म्हणजे ज्याखालचे उपग्रह वगळायचे तो कोन, १० अंशांवर ठेवा. आजूबाजूला इमारती किंवा झाडं असतील तर १५. तिरक्या वाटेसाठी नुसतं १ ÷ साइन(कोन) वापरू नका. ५ अंशांवर ते ११.५ देतं, खरा गुणक दहाच्या आसपास असतो. नीएल किंवा व्हिएन्ना मॅपिंग फंक्शन निवडा.

घाटातल्या कामाकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. खोपोली समुद्रसपाटीपासून साधारण ६० मीटरवर, लोणावळा ६२० मीटरच्या आसपास, आणि दोन्हींमधलं अंतर फारसं नाही. अंतर कमी म्हणून बेस खाली ठेवून रोव्हर वर नेला आणि तपांबराची दुरुस्ती बंद राहिली, तर उभ्या विलंबातच १४ सेंटिमीटरचा फरक पडतो. बेस आणि रोव्हर यांच्यातली तपांबराची चूक उंचीत सुमारे तिप्पट होऊन उतरते. म्हणजे उंची ४० सेंटिमीटरने गेली. सास्तामोइनेन चालू असेल तर कोरड्या भागाचा हिशोब जमतो, पण पावसाळ्यात खाली ऊन आणि घाटमाथ्यावर ढग असताना दमट भागाचे दोन-तीन सेंटिमीटर उरतात आणि उंचीत ते सहा-नऊ होतात. घाटात बेस शक्यतो रोव्हरच्या उंचीवरच लावा. ते जमत नसेल तर खाली एक आणि वर एक असे दोन बेस ठेवा.

वेळ निवडणं हीसुद्धा दुरुस्तीच आहे

टीईसी पहाटे सूर्योदयाच्या आधी सर्वात कमी असतं. नऊ-दहापर्यंतचा वेळ चांगला. बारा ते चार या वेळात बेस लांब असेल तर महत्त्वाचे बिंदू घेऊ नका, अगदी घ्यायचेच असतील तर जवळचा बेस लावा. विषुवदिनांच्या आसपास सूर्यास्तानंतर काम ठेवूच नका. ड्रोनवाल्यांनी संध्याकाळची उड्डाणं सूर्यास्तापूर्वी संपवावीत.

निघण्याआधी भूचुंबकीय खळबळ सांगणारा अवकाश हवामानाचा केपी निर्देशांक पाहा. १० मे २०२४ रोजी जी५ या सर्वोच्च दर्जाचं भूचुंबकीय वादळ आलं, तेव्हा अमेरिकेत पेरणीच्या हंगामात ट्रॅक्टरांचं आरटीके (बेसच्या मदतीने जागेवरच अचूक स्थान देणारं) मार्गदर्शन बंद पडलं होतं. अशा दिवशी कॉर्स, म्हणजे कायमस्वरूपी संदर्भ केंद्रांच्या, जाळ्याची दुरुस्तीही पुरी पडत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचं कॉर्स जाळं आजूबाजूच्या केंद्रांवरून आयनांबर आणि तपांबर दोन्हींचा अंदाज बांधून आपल्या जागेसाठी देतं. रोजच्या कामाला तो उत्तम आहे. पण केंद्रांच्या मधल्या भागात आयनांबराचा उतार एकसारखा असेल, हे त्यामागचं गृहीतक. वादळात आणि बुडबुड्यांच्या रात्री ते मोडतं.

आकाशाच्या एकाच बाजूचे दोन-चार उपग्रह एकाच वेळी तुटू लागले आणि फिक्सचं फ्लोट (कच्चं उत्तर) झालं तर थांबा. अशा वेळी मास्क खाली आणून उपग्रहांची संख्या वाढवण्याचा मोह होतो, पण त्याने आणखी खराब सिग्नल आत येतात. त्यापेक्षा ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू आणि नाविक चालू करून वरचे उपग्रह वाढवा.

निकाल तपासताना

एखादा ज्ञात बिंदू आधी मोजा, मग काम करा आणि शेवटी तो पुन्हा मोजा. दोन मोजमापांत निदान दोन तासांचं अंतर ठेवा, म्हणजे उपग्रहांची मांडणी बदललेली असते. फरक आला तर अवशिष्ट (दुरुस्तीनंतर उरलेल्या) चुका उपग्रहाच्या कोनासमोर मांडून पाहा. खालच्या कोनाला चूक वाढते, दिवसभर तशीच राहते आणि मुख्यतः उंचीतच दिसते, तर ती तपांबराची आहे. सेटिंग, दाब आणि बेस-रोव्हर यांच्या उंचीतला फरक तपासा. चूक दुपारी फुगते, संध्याकाळी उड्या मारते आणि उत्तर-दक्षिण दिशेत जास्त असते, तर ती आयनांबराची. खात्री करायची असेल तर त्याच उपग्रहाची एल१ आणि एल५ वरची अवशिष्ट चूक शेजारी ठेवा. एल५ वरची १.७९ पट असेल तर संशय उरत नाही, कारण दोन वारंवारतांच्या वर्गांचं गुणोत्तर तेवढंच आहे. दोन्हींवर सारखी असेल तर तपांबर, घड्याळ किंवा कक्षा पाहा. कसलाच मेळ नसेल तर वातावरण सोडा आणि अँटेनाजवळचा पत्रा, भिंत, उभी गाडी शोधा. तिथून परावर्तित होणारा सिग्नल यातल्या कुठल्याही दुरुस्तीने जात नाही. अँटेना हलवावा लागतो.